उजव्या कानाची खूण

दार तयार झालं होतं. त्याच्यावर नाव कुणाचं घालायचं एवढंच ठरत नव्हतं, आणि तेवढ्यासाठी शीलाला पैठणहून बोलावून घेतलं होतं.

ती पहिल्या एसटीनं निघाली. छावणीतल्या कारखान्यापाशी पोचली तेव्हा साडेनऊ झाले होते. कारखाना म्हणजे घराला लागून असलेली पत्र्याची लांब शेड. आत दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकलेलं ते दार तिला दिसलं आणि हातातली पिशवी खाली ठेवायची राहून गेली. जाडजूड सागवानाच्या दोन फळ्या, आणि त्यांच्या कडेनं वरपासून खालपर्यंत कोरलेली मेंढरांची रांग. एका मेंढराची मान दुसऱ्यासारखी नव्हती. कुणी मागं वळून बघत होतं, कुणी पुढच्याच्या पाठीवर हनुवटी टेकली होती, एक कोकरू आईच्या पोटाखालून डोकावत होतं. शेंद्र्यापलीकडच्या वाडीतल्या बिरोबाच्या देवळाला हे दार जायचं होतं. त्याच वाडीतून शीलाच्या आजोबांचा कळप दर साली चरायला निघायचा.

"आण्णा, हे तुम्ही कोरलं?" शीलानं विचारलं.

तिचे वडील मुंजाबा भिंतीशी खुर्चीत बसले होते. एकोणऐंशी वय. गेल्या वर्षापासून दोन्ही हातांना कंप सुटला होता. त्यांनी हात मांड्यांखाली दाबून धरले होते. मानेनंच त्यांनी धाकट्याकडं, सुदर्शनकडं दाखवलं. "म्या कोळशानं काढून दिलं. कोरलं त्यानं. आठ महिनं."

"ते आठ महिने कुणाला दिसत नाईत ना ताई, तेच तर भांडण हाय," सुदर्शन म्हणाला. त्यानं फडक्यात गुंडाळलेला पितळी शिक्का काढून तिच्या हातात दिला. तळहाताएवढा, मागं लोखंडी दांडा. उलट्या अक्षरांत 'शिंगाडे फर्निचर, छावणी'. "तापवून दाबला की लाकडात अक्षरं जळून बसतात. दोनशे वर्षं हालत नाईत."

"देवाच्या दारावर दुकानाचं नाव?" अजिनाथ म्हणाला. तो दोघा भावांतला मोठा, शेंद्र्याच्या एका कंपनीत तपासणीच्या खात्यात होता. आज रजा टाकून आला होता. "आमच्याकडं एकेका नट-बोल्टावर नंबर असतो, तो कुणी मारला, कधी मारला, सगळं. म्हणून मी काय नंबर टाक म्हणत नाय. पाटी लावू. मुंजाबा मेंगाजी शिंगाडे यांनी घडवले. आण्णांचं शेवटचं काम हाय हे."

"शेवटचं कशाला म्हणता भाऊजी?" सुदर्शनची बायको सुरेखा चहाचा ट्रे घेऊन आली होती, ती तिथंच थांबली. "ते समोर बसलेत."

"तसं नाय गं..."

"अन् ह्यांनी आठ महिने काय नुसता भुसा झाडला?"

प्रेरणा, सुरेखाची मुलगी, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. घोड्यावर कोपर टेकून ती म्हणाली, "क्यूआर कोड लावा ना. स्कॅन केलं की आजोबांचा पण फोटो, पप्पांचा पण."

"बिरोबाच्या दारावर?" अजिनाथ आणि सुदर्शन एकदमच ओरडले, आणि सकाळपासून त्यांचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं.

दुपारी तीनला वाडीची माणसं टेम्पो घेऊन यायची होती. शीलानं चहाचा कप घेतला. "मला कशाला बोलावलं मग?"

"तू मोठी हायेस," अजिनाथ म्हणाला. "आणि ह्यात तुझं काही नाय. म्हणून तू सरळ सांगशील."

त्यानं ते चांगल्या मनानं म्हटलं होतं. शीलाला तरीही कप बशीत टेकवावा लागला.

ह्यात तुझं काही नाय. दहा वर्षांची असल्यापासून ती ह्या शेडमध्ये होती. आई आजारी, भाऊ लहान, म्हणून आण्णा तिला शेजारी बसवून घेत, आणि मग तिचा हात बघून काम देऊ लागले. आधी रंधा, मग करवत, मग पटाशी. एकोणिसाव्या वर्षी पैठणचं स्थळ आलं. हळदीच्या दोन दिवस आधी ती एका तिपाईचा पाय बसवत होती, तेव्हा आण्णांनी मागून येऊन तिच्या हातातली पटाशी काढून घेतली होती. "बास आता," एवढंच म्हणाले होते. एकतीस वर्षं झाली. त्यानंतर तिनं सासरच्या घरात खिळासुद्धा ठोकला नव्हता. ठोकताच आला नाही. हात उचलला की तो 'बास आता' ऐकू यायचा.

"तुमचं तुम्ही ठरवा," ती म्हणाली. "मी पाव्हणी."

कोपऱ्यात, खिडकीपाशी, सारजाबाई बसल्या होत्या. मुंजाबाच्या थोरल्या बहीण. डोळ्यांत मोतीबिंदू पिकून गेलेले, उजेड-अंधार तेवढा कळायचा. देवाचं दार हाताला लागावं म्हणून त्या कालच वाडीहून आल्या होत्या. भावांचा आवाज पुन्हा चढला तशा कंटाळून त्या स्वतः बसलेल्या स्टुलाच्या कडेखालून बोटं फिरवू लागल्या. फिरवता फिरवता थांबल्या. पुन्हा मागं आल्या. मग दुसरा हात स्टुलाच्या दुसऱ्या टोकाला नेला.

"मुंजा," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "ही मेंढी शीलीची का रं?"

प्रेरणानं आईकडं बघितलं. म्हातारी भ्रमली असं सगळ्यांच्या मनात आलं, मुंजाबा सोडून. त्यांचे हात मांड्यांखालून निघाले आणि गुडघ्यांवर थरथरत राहिले.

"व्हय आक्का," ते म्हणाले. "शीलीची."

"आत्या, कसली मेंढी?" सुदर्शननं विचारलं.

"आंधळी म्या झाले का तुमी?" सारजाबाई उठल्या आणि त्यांनी स्टूल उलटं करायला लावलं. बैठकीच्या खालच्या कडेला, डाव्या टोकाशी, पटाशीचे दोन बारीक काप होते, शेजारी शेजारी. उजव्या टोकाला एकच, तिरका. "डाव्या कानाला दोन काप, ही आपल्या घराची खूण. धा कळप एका पाण्यावर आलं तरी आपली मेंढी कान धरला की कळायची. अंधारात बी. आन् लेक जन्मली का तिच्या नावानं एक पाट, कवळी मेंढी, सोडायची, तिच्या उजव्या कानाला तिरका काप. मग तिला झालेली समदी पिल्लं त्या लेकीची. ती नांदायला गेली, भावानं कळप सांभाळला, तरी तो काप घालायचाच. माझ्या कापाची मेंढरं म्या लगीन होऊन गेल्यावर इस वर्सं ह्या मुंजाच्या कळपात व्हती. मला इचारल्याबिगर त्यातलं एक कोकरू कधी गेलं नाय."

सुदर्शन स्टुलापाशी उकिडवा बसला होता. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"ही तर मी मारतो," तो म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. "डावीकडं दोन, ते सगळ्या कामाला. तिरका पाय असला की उजवीकडं एक. मला वाटायचं पुढची बाजू कळायला असेल. आण्णांनी शिकवलं म्हणून मारतो. पंधरा वर्षं मारतोय."

शीलाला बसावंसं वाटलं, पण बसायला ते एकच स्टूल होतं आणि ते उलटं पडलेलं होतं.

सुरेखा आत गेली. चौरंग घेऊन आली, प्रेरणाचं जुनं अभ्यासाचं टेबल ओढत आणलं. उलटी केलेली एकेक वस्तू सारजाबाईंच्या हाताखाली गेली. टेबलाला दोन आणि एक. चौरंगाला नुसते दोन. "चौरंगाचे पाय सरळ हायेत," सुदर्शन पुटपुटला. आता त्याला ते वाचता येत होतं, आणि आपण इतकी वर्षं अक्षर न ओळखता लिहीत होतो हे त्याच्या ध्यानात येत होतं.

"तिरक्या पायाचंच का?" अजिनाथनं विचारलं.

"तिरक्या पायाचा पत्रा कुणी कापला?" मुंजाबा म्हणाले.

शीलाला आठवलं. सोळा वर्षांची होती. तिरक्या पायांचे बाक चारही बाजूंनी सारखे बसत नसत. प्रत्येक पायाचा उतार नव्यानं आखावा लागे आणि केसभर फरक राहिला तरी बाक डगमगे. तिनं तेलाच्या डब्याचा पत्रा उलगडला, दोन दिवस कानशीनं घासत बसली, आणि असा एक तुकडा केला की तो लाकडाला लावून रेघ ओढली की चारी पाय जुळ्या भावंडांसारखे उतरत. आण्णांनी पहिला बाक फरशीवर ठेवला, चारी कोपऱ्यांवर दाबून बघितला, आणि जेवायला निघून गेले होते. शाबासकीचा एक शब्द नाही.

"ज्याची हिकमत त्याची खूण," मुंजाबा म्हणाले. "पत्रा तुजा. तर त्या पत्र्यावर उतरलेलं समदं तुज्या मेंढीचं."

"मला सांगितलं का नाय?" शीलाचा आवाज फुटला. "आण्णा, एकतीस वर्षं! मी दर दिवाळीला इथं येते. ह्याच स्टुलावर बसते. एकदा तोंडानं सांगायचं होतं."

मुंजाबांनी मान खाली घातली. "कंच्या तोंडानं सांगू? हातातली पटाशी म्याच काढून घेतली." मग म्हणाले, "तू गेलीस त्याच्या म्होरल्या साली पोरींच्या शाळेचं काम आलं. तिरक्या पायाचं बाक. जा, बघून ये. म्या किती बी बोललो तरी तेवढं होनार नाय."

शाळा पाच मिनिटांवर होती. प्रेरणानं स्कूटी काढली. ती त्याच शाळेत दहावीपर्यंत शिकली होती. दिवाळीची सुट्टी असल्यानं फाटक बंद होतं, पण आतून मालनबाई शिपाईण आल्या. प्रेरणाला ओळखून हसल्या.

"मावशी, बाक बघायचेत," प्रेरणा म्हणाली.

"बाक? बाकात काय बघायचं बाई?" पण त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढला आणि पहिला वर्ग उघडला.

बंद खोलीतला खडूचा वास आला. खिडकीच्या गजांमधून ऊन तिरपं आत पडलं होतं, आणि त्यात बाकांच्या चार रांगा उभ्या होत्या. मुलींच्या हातांनी घासून घासून सागवान मधासारखं झालं होतं. शीला पहिल्या बाकापाशी गुडघ्यांवर बसली. मग पदर खोचला आणि सरळ फरशीवर पाठ टेकून बाकाखाली सरकली.

प्रेरणानं मोबाईलची बॅटरी धरली. डावीकडं दोन काप. शीलानं हात उजवीकडं नेला. तिच्या बोटाला तो आधी लागला, मग दिसला. तिरका, अर्ध्या नखाएवढा, कडा इतक्या वर्षांनी मऊ झालेल्या.

ती दुसऱ्या बाकाखाली गेली. तिथं होता. तिसऱ्या. होता. चौथ्या बाकाला तिनं खाली न जाता नुसता हात घातला, आणि सारजाआत्या काय म्हणत होत्या ते तिला कळलं. कान धरला की आपली मेंढी कळते.

"मावशी, असे किती आहेत?" प्रेरणानं विचारलं.

"खाली सा खोल्या, वर सा. दीडशाच्या वर असत्याल."

"सगळ्या उघडता?"

मालनबाईंनी फरशीवर पडलेल्या बाईकडं बघितलं, आणि काय समजायचं ते समजून पुढं चालू लागल्या. एकामागून एक कुलूप निघालं. शीला प्रत्येक दारात थांबायची, मग रांगेतून चालत जायची, वाकून हात घालत. आता प्रेरणासुद्धा दुसऱ्या रांगेतून तसंच चालत होती. "आहे. आहे. हा पण. आत्तू, हा पण!" मग दोघी वरच्या मजल्यावर गेल्या. कुठल्याही बाकाला चुकून राहिला नव्हता, कुठला घाईत उथळ पडला नव्हता. दीडशेच्या वर वेळा तिच्या बापानं बाक उलटा केला होता, पटाशी घेतली होती, आणि सासरी गेलेल्या लेकीचा काप घातला होता.

शेवटच्या खोलीत शीलानं पहिल्यांदा बाकांची वरची बाजू नीट बघितली. फळीवर इंच जागा मोकळी नव्हती. कंपासच्या टोकानं, पेनानं, पिनेनं कोरलेली नावं. रूपा. शबाना. कविता आणि तिच्याखाली दुसऱ्या अक्षरात 'मी पण'. काही खोल, काही घासून पुसट झालेली, एकावर एक चढलेली. तीस वर्षांत इथं बसून गेलेल्या मुली.

"पोरी ऐकत नाईत," मालनबाई म्हणाल्या. "बाई लोक रागावतात, तरी कोरतातच. माझं बी हाय, खाली चौथ्या खोलीत. म्या इथंच शिकले सातवीपर्यंत." मग त्यांनी एक बाक दोन्ही हातांनी हलवून दाखवला. तो जागचा हलला नाही. "नवीन आणलेले लोखंडी बाक दोन वर्सांत लंगडे झाले. ह्यांच्या पायाखाली कधी कागदाची घडी घालावी लागली नाय. कुणी केलेत कुणाला ठाऊक."

प्रेरणा बोलायला गेली. शीलानं तिचा हात धरला. तिला ते सांगायचं नव्हतं. सांगण्यानं काही वाढणार नव्हतं. ती एका बाकावर जाऊन बसली, आठवीतल्या मुलीसारखी, दोन्ही हात फळीवर ठेवून. एवढ्या मुली, आणि एवढी वर्षं त्यांचा भार आपल्या एका पत्र्याच्या तुकड्यावर निवांत टेकलेला. आपण पैठणला कांद्याच्या रोपात वाकलेलो असताना, सासूचे पाय चेपत असताना, सकाळची प्रार्थना होऊन मुली धाडकन बाकांवर बसत असणार, आणि बाक डगमगत नसणार. डोळे भरले, पण रडू म्हणावं असं ते नव्हतं. पहिल्यांदा धरणाचं पाणी बघितलं होतं तेव्हा असं झालं होतं.

त्या परत आल्या तेव्हा दोन वाजत आले होते. दोघे भाऊ दाराच्या दोन बाजूंना बसले होते. पितळी शिक्का फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला होता, आणि अजिनाथच्या हातातला पाटीच्या मजकुराचा कागद चुरगळलेला होता.

शीला सरळ आण्णांपाशी गेली.

"बघितलंस?"

"बघितलं."

मुंजाबांनी खुर्चीशेजारच्या पेटीतून पटाशी काढली. त्यांच्या हातात ती थडथडत होती. "घे. माजा हात थांबत नाय. माजं दोन तू घाल."

शीलानं पटाशी घेतली. अजिनाथ आणि सुदर्शननं मिळून दाराची खालची कड वर केली. उंबऱ्यावर टेकली की ती कुणाला दिसणार नव्हती. तिनं धार लाकडाला लावली, क्षणभर थांबली, आणि मागून कुणाचा आवाज येतो का त्याची वाट बघितली. आवाज आला नाही. तिनं हातोडीचा ठोका दिला. एक काप. मग शेजारी दुसरा.

"आता उजवीकडं," मुंजाबा म्हणाले.

"नाय आण्णा." तिनं मान हलवली. "हे माझं नाय. ह्याला पत्रा लागला नाय, माझा हात लागला नाय. शाळेतलं माझं हाय. हे सुदर्शनचं."

"मग ह्यांची खूण कुठाय?" सुरेखानं विचारलं.

मुंजाबा धाकट्याकडं बघत म्हणाले, "त्यानं मागितली कुठं? शिक्का करून आनला."

सुदर्शन सारजाबाईंकडं वळला. "आत्या, लेकाचा काप कसा असतो?"

"लेकाला येगळा नसतो. बापाचाच. लेकानं कळप येगळा केला तर बापाच्या दोनाखाली आपला एक आडवा घालतो."

"मी वेगळा नाय झालेलो."

"तरी घाल," अजिनाथ म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. तो दाराचा जड कोपरा खांद्यावर तोलून उभा होता, शर्टाला भुसा लागला होता. "बघतो काय? आठ महिने कोरलंस ना? वेगळं न होता घाल. बिरोबा काय वाटणीपत्र मागणार हाय का? पाटीचं मी वाडीवाल्यांना सांगतो, नको म्हणून."

सुदर्शननं शीलाच्या हातातली पटाशी घेतली. बापाच्या दोन कापांखाली त्यानं एक आडवा काप घातला. हलकासा, पण कडा स्वच्छ. मुंजाबांनी खुर्ची पुढं ओढायला लावली, वाकून बघितलं, आणि थरथरत्या अंगठ्यानं त्यातला भुसा पुसला. सुदर्शन तोंड फिरवून पाणी प्यायला गेला आणि बराच वेळ माठापाशीच उभा राहिला.

तीनला टेम्पो आला. वाडीची आठ माणसं दार उचलताना हळू बोलत होती, देवाला उचलावं तशी. सारजाबाई पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या. अजिनाथ मागं दाराला धरून उभा राहिला. टेम्पो छावणीच्या बाजाराकडं वळून दिसेनासा झाला.

शेडमध्ये एकदम मोकळं मोकळं झालं. साडेतीनची पैठणची बस शीलाला धरायची होती. तिनं पिशवी उचलली, ठेवली, आणि नवऱ्याला फोन लावला. "आज येत नाय. चारपाच दिवस लागतील. नाय, सगळं बरं हाय. काम हाय जरा." पलीकडून त्यानं काय काम म्हणून विचारलं असावं. "माझं काम," ती म्हणाली.

भिंतीशी टेकवलेल्या तुकड्यांतून तिनं हातभर लांबीची एक फळी निवडली, टेबलाला घट्ट बसवली आणि रंधा घेतला. पहिला हात अडखळला, दुसरा ओरखडला. तिसऱ्याला लाकडाची पातळ साल उलगडून वर आली.

"काय करणार आत्तू?" प्रेरणानं विचारलं.

"अजून ठरलं नाय."

मुंजाबा खुर्चीतून बघत होते. मग म्हणाले, "अंगठा खाली घे."

शीलानं अंगठा खाली घेतला आणि रंधा पुढं ढकलला.